आजोबांचा शब्बाथ, मावशीचं १९१४ : दोन्हींचं मूळ एकच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे आजोबा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्या आणि शनिवार हा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, मानणाऱ्या चर्चचे. लासलगावच्या मिशन शाळेत शिकलेले, शनिवारी कामाला हात न लावणारे. मावशी यहोवाची साक्षीदार. घरच्या लग्नात कुणीतरी सहज म्हणालं, ‘मावशी, तुमचा पंथ आजोबांच्याच पंथातून फुटलाय,’ आणि दोघंही दुखावले. आता भाच्याला जाणून घ्यायचंय की यात खरं किती, मावशीच्या पंथाचं मूळ ज्याच्यापाशी जातं तो चार्ल्स टेझ रसेल ॲडव्हेंटिस्ट होता का, आणि ही नाती शोधायची तर कशावरून शोधायची.

आधी सरळ उत्तर देतो. मावशीचा पंथ आजोबांच्या पंथातून फुटलेला नाही. दोघं चुलत आहेत. त्यांचा पणजोबा एक, पण आजे वेगळे, आणि हे आजे एकमेकांशी फारसं बोलतही नव्हते. मी पंचवीसेक वर्षं चर्चचा इतिहास शिकवतो आहे आणि हा गैरसमज दर वर्षी एखाद्या तरी विद्यार्थ्याच्या वहीत सापडतो. त्याचं कारण आपल्या सवयीत आहे असं मला वाटतं. संप्रदाय म्हटला की आपण गुरुपरंपरा शोधतो. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव; एकाने दुसऱ्याच्या कानात मंत्र सांगितला आणि धागा पुढे गेला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत असं घडत नव्हतं. तिथे मंत्र कानात सांगितला जात नव्हता, तो छापला जात होता. शेतकरी, जहाजाचा कप्तान, कापडाचा दुकानदार, कुणीही चार पानांचं साप्ताहिक काढायचा, ते टपालाने शंभर गावांत जायचं आणि त्यातला एक विचार उचलून दुसरा कुणी आपलं साप्ताहिक काढायचा. म्हणून इथे माणसांच्या आधी कागदाचा माग काढावा लागतो.

पणजोबा म्हणजे विल्यम मिलर. जन्म १७८२, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. आयुष्य गेलं न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटन इथल्या शेतावर. तरुणपणी तो बायबल न मानणारा, ‘देव आहे पण लक्ष घालत नाही’ अशा मताचा होता. १८१२च्या युद्धात कप्तान म्हणून लढला, परत आला आणि १८१६ साली पुन्हा श्रद्धेकडे वळला. मग बायबल आणि एक शब्दसूची, एवढंच समोर ठेवून दोन वर्षं ओळ न् ओळ वाचत बसला. दानीएलच्या आठव्या अध्यायात दोन हजार तीनशे दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असं वचन आहे. मिलरने दिवस म्हणजे वर्ष धरलं आणि यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या राजाज्ञेचं वर्ष, इ.स.पू. ४५७, हा आरंभ धरला. २३००मधून ४५७ वजा करा: १८४३. पृथ्वीचं शुद्धीकरण म्हणजे ख्रिस्ताचं पुनरागमन, असा त्याचा अर्थ. हे १८१८मध्ये ठरलं, पण जाहीरपणे बोलायला त्याला १८३१ उजाडावं लागलं. तेरा वर्षं तो हिशेब पुन्हा पुन्हा तपासत होता. या माणसाला मी नेहमी आदराने शिकवतो, त्यात ही तेरा वर्षंही येतात.

मिलर खेड्यातला उपदेशक होता. त्याला चळवळ बनवलं बॉस्टनच्या जोशुआ हाइम्सने. हाइम्सने १८४०मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ काढलं, १८४२मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘मिडनाइट क्राय’. चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी दानीएल-प्रकटीकरणातले प्राणी आणि आकडे एका मोठ्या तक्त्यावर रंगवले; तो तक्ता तंबूत टांगून उपदेश व्हायचा. १८४३ गेलं, १८४४चा वसंत गेला. मग ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एक्सेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो यांनी मांडलं की प्रायश्चित्ताचा दिवस यहुदी पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला येतो, म्हणून तारीख २२ ऑक्टोबर १८४४. लोकांनी पिकं शेतात तशीच सोडली, दुकानं बंद केली. तो दिवस उगवला आणि मावळला. याला इतिहासात ‘महान निराशा’ म्हणतात. मला तरी हा शब्द कधी अतिशयोक्त वाटला नाही.

आता नाती शोधताना नवखा माणूस इथेच चुकतो. तो समजतो की २३ ऑक्टोबरच्या सकाळी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च सुरू झालं. प्रत्यक्षात त्या सकाळी सुरू झाली भाऊबंदकी. २९ एप्रिल १८४५ला ऑल्बनी इथे मिलर आणि हाइम्स यांच्यासह मुख्य प्रवाहातले लोक जमले आणि त्यांनी ठरवलं की पुनरागमनाची आशा कायम, पण नव्या कसोट्या नकोत. नव्या कसोट्यांमध्ये यहुदी शब्बाथ पाळणं धरलं होतं. मिलर १८४९मध्ये वारला तो रविवार पाळणारा म्हणूनच. तेव्हा ‘मिलरने सेव्हन्थ-डे चर्च स्थापलं’ हे वाक्य चुकीचं आहे. आजोबांच्या चर्चला मिलर वंदनीय आहे आणि ते योग्यच आहे, पण मिलरने त्या चर्चच्या मुख्य ओळखीला, शनिवारच्या शब्बाथला, कधी होकार दिला नाही.

आजोबांची फांदी कशी वाढली ते पाहा. या फांदीत माणसामाणसाची साखळी सापडते, ही दुर्मीळ गोष्ट आहे. रेचल ओक्स नावाची सेव्हन्थ डे बाप्टिस्ट, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या बाप्टिस्टांतली, बाई न्यू हॅम्पशरमधल्या वॉशिंग्टन गावात आली. तिने तिथल्या ॲडव्हेंटिस्ट उपदेशकाला, फ्रेडरिक व्हीलरला, शब्बाथ पाळायला सांगणाऱ्या चौथ्या आज्ञेवरून टोकलं आणि तो १८४४मध्ये शनिवार पाळू लागला. टी. एम. प्रेबल या दुसऱ्या उपदेशकाने फेब्रुवारी १८४५मध्ये मेनमधल्या पोर्टलंडच्या ‘होप ऑफ इझ्रायल’ या पत्रात शब्बाथावर लेख लिहिला. तो लेख वाचला जोसेफ बेट्स या निवृत्त जहाजी कप्तानाने. बेट्स वॉशिंग्टनला जाऊन व्हीलरला भेटला आणि १८४६च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःची पुस्तिका छापली. ती वाचून त्याच वर्षी नुकतंच लग्न झालेलं एक तरुण जोडपं शब्बाथ पाळू लागलं: जेम्स व्हाइट आणि एलन हार्मन-व्हाइट. बाप्टिस्ट बाई, उपदेशक, लेख, कप्तान, पुस्तिका, जोडपं. पाहिजे तर हिला परंपरा म्हणा. पण तिच्यातलं मधलं पाऊल आणि शेवटून दुसरं पाऊल छापील कागदाचं आहे, हे लक्षात ठेवा. शिवाय ज्याच्या लेखाने बेट्सला हलवलं त्या प्रेबलने पुढे स्वतः शब्बाथ सोडला आणि त्याच्याविरुद्ध लिहिलं. संदेश पोहोचला, संदेशवाहक मात्र मागे फिरला. या चळवळींत असं वारंवार दिसतं.

अशा कथा वापरताना एक पथ्य पाळा. बेट्स घरी परतताना पुलावर शेजाऱ्याने विचारलं, ‘कप्तान, काय बातमी?’ आणि तो म्हणाला, ‘बातमी ही की सातवा दिवस शब्बाथ आहे.’ ही गोष्ट फार लोभस आहे. हायरम एडसन २३ ऑक्टोबरच्या सकाळी मक्याच्या शेतातून चालला होता आणि त्याला उमगलं की ख्रिस्त पृथ्वीवर न येता स्वर्गातल्या पवित्रस्थानाच्या आतल्या भागात गेला आहे, ही गोष्टही तशीच. मी दोन्ही वर्गात सांगतो. पण या दोन्ही घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवलेल्या आठवणी आहेत. एडसनचं तर हस्तलिखिताचं एक तुटक पान आहे. आठवण खोटी असते असं नाही. तिच्यावर तारीख नसते, एवढंच. तारीख असते छापलेल्या पत्रावर.

त्या छापलेल्या पत्रांपैकी एकच जवळून पाहू. सिनसिनाटीतून ‘डे-स्टार’ नावाचं छोटं पत्र निघायचं, संपादक इनॉक जेकब्स. २४ जानेवारी १८४६च्या अंकात पोर्टलंडच्या एका अठरा वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. तिने डिसेंबर १८४४मध्ये पाहिलेलं दर्शन त्यात सांगितलं आहे. ती एलन हार्मन. पुढे ७ फेब्रुवारीच्या जादा अंकात ओ. आर. एल. क्रोझियर या तरुणाचा स्वर्गीय पवित्रस्थानावरचा दीर्घ लेख आहे. एडसनच्या शेतातल्या त्या सकाळीचं हे पूर्ण झालेलं रूप. म्हणजे सेव्हन्थ-डे चर्चचे दोन खांब, भविष्यवाणीचं दान आणि पवित्रस्थानाची शिकवण, एकाच छोट्या पत्रात पंधरा दिवसांच्या अंतराने उभे राहिले. आणि संपादक? त्याच वर्षी जेकब्स शेकर पंथात गेला. क्रोझियरनेही पुढे ही शिकवण सोडली. जेकब्सला कुणी ॲडव्हेंटिस्टांचा संस्थापक म्हणत नाही, पण त्याचं छापयंत्र नसतं तर पोर्टलंडची मुलगी आणि न्यूयॉर्कच्या शेतकऱ्यांचा गट यांची गाठ पडायला कितीतरी वेळ लागला असता. १८६०च्या १ ऑक्टोबरला मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला ‘सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट’ हे नाव ठरलं आणि मे १८६३मध्ये जनरल कॉन्फरन्स ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. आजोबांचं चर्च कागदोपत्री त्या दिवसापासूनचं.

आता मावशीची फांदी. इथे सगळ्यात महत्त्वाचा माणूस तो, ज्याचं नाव तुमच्या घरात कुणीच घेत नाही: जॉर्ज स्टॉर्स.

स्टॉर्स न्यू हॅम्पशरचा मेथडिस्ट उपदेशक, गुलामगिरीविरुद्ध बोलणारा. १८३७मध्ये आगगाडीत त्याला कुणीतरी टाकून दिलेली एक पुस्तिका सापडली. ती होती हेन्री ग्रू यांची, आणि तिचं म्हणणं असं की आत्मा जात्याच अमर नाही. मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपलेला असतो आणि दुष्टांना अनंतकाळची यातना होत नाही, त्यांचा नाश होतो. स्टॉर्सने काही वर्षं विचार केला, मेथडिस्ट चर्च सोडलं आणि १८४२मध्ये या विषयावर सहा प्रवचनं छापली. त्याच सुमारास तो मिलरच्या चळवळीत आला आणि हा विचार घेऊन आला. जानेवारी १८४४मध्ये चार्ल्स फिचने, तो तक्तेवाला फिच, स्टॉर्सला पत्र लिहून कळवलं की मीही तुमच्या बाजूचा झालो. मिलरला हे अजिबात पटलं नाही आणि त्याने जाहीरपणे हात झटकले.

आता तुमच्या लक्षात येईल. आजोबा आणि मावशी दोघंही म्हणतात की मेलेला माणूस झोपलेला आहे आणि अनंत नरक नाही. लोक याच साम्यावरून एकाला दुसऱ्याची शाखा ठरवतात. पण हे साम्य बेट्सकडून आलेलं नाही, व्हाइटांकडून नाही आणि मिलरकडून तर नाहीच. ते ग्रूच्या आगगाडीत सापडलेल्या पुस्तिकेतून स्टॉर्समार्गे दोन्हीकडे, वेगवेगळ्या वाटांनी गेलं. विहीर एक, पोहरे दोन. याच विहिरीचं पाणी न प्यायलेले ॲडव्हेंटिस्टही होते. मिलर-हाइम्स यांच्या मूळ प्रवाहातले ‘इव्हँजेलिकल ॲडव्हेंटिस्ट’ आत्म्याची अमरता मानत राहिले आणि हळूहळू विरून गेले. शेजारच्या साध्या प्रोटेस्टंट चर्चपेक्षा वेगळं राहायला त्यांच्यापाशी कारणच उरलं नव्हतं, असं माझं मत आहे. आत्म्याची झोप मानणारे पण रविवार पाळणारे १८६०मध्ये ‘ॲडव्हेंट ख्रिश्चन’ म्हणून एकत्र आले. त्यांच्यातल्या अनेकांनी १८५४ हे वर्ष धरलं होतं, तेही गेलं होतं. ही तिसरी चुलत फांदी, आणि मावशीचा रस्ता हिच्या अंगणातून जातो.

रसेलचा जन्म १८५२, पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेगेनीचा; आज ते पिट्सबर्गचाच भाग आहे. वडिलांचं कापडचोपडाचं दुकान. पोरवयात तो काँग्रिगेशनल चर्चमध्ये जायचा, नरकाची भीती बाळगायचा, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी त्याची श्रद्धा पार खचली. १८६९-७०च्या सुमारास तो एका संध्याकाळी धुळकट, कळकट अशा एका दिवाणखान्यात शिरला. इथले मोजके लोक मोठमोठ्या चर्चांपेक्षा वेगळं काही सांगतात का, एवढंच त्याला पाहायचं होतं. बोलत होता जोनस वेंडेल, ॲडव्हेंट ख्रिश्चन मंडळातला उपदेशक. रसेलने पुढे स्वतः लिहिलं आहे की वेंडेलचं सगळं पटलं नाही, पण बायबल देवाचं आहे ही डळमळलेली खात्री परत आली. वेंडेल, त्याचा सहकारी जॉर्ज स्टेट्सन आणि वृद्ध स्टॉर्स, या तिघांचं ऋण रसेलने नावानिशी मान्य केलं. १९०६मध्ये आपल्या नियतकालिकात त्याने ॲडव्हेंटिस्टांचं ऋण मान्य केलं आणि सोबत इतर चर्चांचंही.

तेव्हा ‘रसेल ॲडव्हेंटिस्ट होता का?’ याचं उत्तर ‘कोणत्या अर्थाने’ विचारल्याशिवाय देता येत नाही. सेव्हन्थ-डे चर्चचा सभासद तो कधीच नव्हता, एलन व्हाइटना त्याने संदेष्टी मानलं नाही, शनिवार पाळला नाही. पण त्याला बायबल कसं वाचायचं हे शिकवणारे बहुतेक लोक मिलरच्या मळ्यातले होते. यासाठी मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी तपासायला लावतो: भेट झाली का, वाचलं का, आणि स्वतः कबूल केलं का. रसेल-वेंडेल: भेट आहे, कबुली आहे. रसेल-स्टॉर्स: वाचन आहे, कबुली आहे, आणि स्टॉर्सच्या ‘बायबल एक्झामिनर’मध्ये १८७६च्या ऑक्टोबरात रसेलचा लेखही छापलेला आहे. रसेल-व्हाइट: या तिन्हींपैकी एकही नाही. इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं.

त्या ऑक्टोबरच्या लेखाचा विषय होता ‘परराष्ट्रीयांचे काळ’, म्हणजे यरुशलेमवर परक्यांची सत्ता राहण्याची मुदत, कधी संपतात, आणि उत्तर होतं १९१४. मावशीला विचारलंत तर ती हे वर्ष लगेच सांगेल. पण हा हिशेब रसेलचा नाही. तो नेल्सन बार्बरचा.

बार्बर हा या सगळ्यातला सांधा आहे. जन्म १८२४, न्यूयॉर्क राज्यातला. १८४४मध्ये तो तरुण मिलरवादी होता. त्या निराशेत पोळला, धर्मापासून दूर गेला, सोनं शोधायला ऑस्ट्रेलियाला गेला. १८५९मध्ये जहाजाने परत येताना वेळ घालवायला एका पाद्र्याबरोबर बायबलमधल्या भविष्यवाण्या वाचू लागला आणि त्याला वाटलं, मिलरची चूक कुठे झाली ते मला दिसतंय. लंडनला उतरून तो ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसला. तिथे त्याला एक कालगणना मिळाली, जिच्याप्रमाणे आदामापासूनची सहा हजार वर्षं १८७३मध्ये पुरी होत होती. वेंडेलही १८७३च सांगत होता. १८७३ गेलं, १८७४ गेलं. मग बार्बरच्या सहकाऱ्याने, बी. डब्ल्यू. कीथने, बेंजामिन विल्सनचं १८६४चं ग्रीक-इंग्रजी नवा करार उघडून दाखवलं की ‘पारूसिया’ या शब्दाला तिथे ‘येणं’ असा प्रतिशब्द नाही, ‘उपस्थिती’ असा आहे. मग ख्रिस्त १८७४मध्ये आलाच, अदृश्यपणे. एडसनने १८४४मध्ये जे केलं, तेच थोड्या वेगळ्या रीतीने इथे झालं: तारीख ठेवली, घटना डोळ्यांआड नेली. ही उचलेगिरी होती असं मी म्हणणार नाही. एकाच वाटेने चाललेल्या दोन प्रवाशांना एकाच दरीवर तसाच पूल सुचावा, तसं हे आहे.

बार्बरच्या मासिकाचं नाव पाहा. आधी ‘मिडनाइट क्राय’, म्हणजे हाइम्सच्या १८४२च्या पत्राचं तेच नाव, मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दहा कुमारींच्या दाखल्यातलं. नंतर ‘हेरल्ड ऑफ द मॉर्निंग’. मध्यरात्र संपली, पहाट झाली, हा त्याचा अख्खा सिद्धान्त त्या नावबदलात आहे. १८७६च्या जानेवारीत या मासिकाचा अंक रसेलच्या हाती पडला. त्याने बार्बरला पत्र लिहिलं, प्रवासखर्च देऊन फिलाडेल्फियाला बोलावलं, आणि १८७७मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. १९१४चा हिशेब बार्बरने १८७५मध्येच छापला होता.

आता या हिशेबाकडे बारकाईने पाहा, कारण नात्याचा सगळ्यात पक्का पुरावा इथे आहे. बार्बरने ‘सात काळ’ म्हणजे २५२० वर्षं धरली, आरंभ इ.स.पू. ६०६. २५२० वजा ६०६, १९१४. हा २५२०चा आकडा फिचच्या १८४३च्या तक्त्यावरही आहे! तिथे आरंभ इ.स.पू. ६७७, आणि २५२० वजा ६७७, १८४३. म्हणजे मिलर दोन वाटांनी १८४३ला पोचत होता, एक २३००ची आणि एक २५२०ची. सेव्हन्थ-डेवाल्यांनी २३०० सांभाळला आणि २५२० सोडून दिला. बार्बर-रसेल यांच्या बाजूला २५२० पुढे गेला. पणजोबाच्या पेटीतले दोन दागिने दोन घरांत गेले. शिवाय चूकसुद्धा वारशाने आली. इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही, म्हणून अशा वजाबाकीत एक वर्ष वाढवावं लागतं. मिलरच्या लोकांना हे ध्यानात आलं म्हणून १८४३चं १८४४ झालं. बार्बरच्या हिशेबात तीच खोट राहिली. फार नंतर, १९४०च्या दशकात, यहोवाच्या साक्षीदारांनी ती दुरुस्त केली, पण तोवर १९१४ला महायुद्ध होऊन गेलं होतं, ते वर्ष हलवणं शक्य नव्हतं. म्हणून आरंभ ६०६वरून ६०७वर नेला. समान विश्वास दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतो. एकाच प्रकारची एक वर्षाची चूक दिसली की समजावं, एकाच पद्धतीच्या वहीतून उतरवलंय.

उलट, नावांच्या साम्यावर विसंबू नका. इथे मी तरुणपणी स्वतः फसलो आहे. ‘होप ऑफ इझ्रायल’ म्हणजे प्रेबलचा लेख छापणारं पोर्टलंडचं पत्र, १८४५. त्याच नावाचं दुसरं पत्र मिशिगनमध्ये ऑगस्ट १८६३ला निघालं, त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. ‘प्रेझेंट ट्रुथ’ हे जेम्स व्हाइटचं १८४९चं पत्र, आणि तेच शब्द वेंडेलच्या १८७०च्या पुस्तिकेच्या नावात. ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ हाइम्सचं बॉस्टनचं, आणि १८७४मध्ये जेम्स व्हाइटने कॅलिफोर्नियात काढलेलंही. हे सगळे बायबलमधलेच शब्दप्रयोग आहेत. प्रत्येक जण त्याच झाडाची फुलं तोडत होता. नाव सारखं दिसलं तर गाव, साल आणि संपादक पाहा, मग बोला. तारखांचंही तसंच. बहाई धर्माचे अग्रदूत बाब यांनी इराणमधल्या शिराझमध्ये आपली घोषणा २३ मे १८४४ला केली, आणि बहाई लोकांनी पुढे दानीएलच्या त्याच २३०० दिवसांशी ती जोडली. पाचगणीला बहाईंची शाळा पाहून एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, मग ते ॲडव्हेंटिस्टांचेच का? नाही. शिराझ आणि लो हॅम्पटन यांच्यामध्ये तेव्हा एक पत्रही आलं-गेलेलं नाही.

मिशिगनच्या त्या दुसऱ्या ‘होप ऑफ इझ्रायल’चा इथे वेगळा अर्थ आहे. गिल्बर्ट क्रॅनमर आणि त्याच्या बाजूचे लोक शनिवार पाळत होते, पण एलन व्हाइट यांची दर्शनं त्यांना मान्य नव्हती. आयोवातही १८६५-६६मध्ये स्नूक आणि ब्रिंकरहॉफ अशाच कारणांनी वेगळे झाले. यातून ‘चर्च ऑफ गॉड (सेव्हन्थ डे)’ उभं राहिलं. त्याच्या ओरेगॉनच्या मंडळाने १९३१मध्ये हर्बर्ट आर्मस्ट्राँगला दीक्षा दिली. १९३४मध्ये त्याने रेडिओवर प्रवचनं आणि ‘प्लेन ट्रुथ’ मासिक सुरू केलं. आपल्याकडे जुन्या इंग्रजी वाचकांना हे फुकट येणारं गुळगुळीत मासिक आठवत असेल. म्हणजे आर्मस्ट्राँग हाही सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांतून फुटलेला नाही. त्याची फांदी १८६३च्या आसपासच, खोडाला पक्कं नाव पडताना, बाजूला झालेली आहे. या मंडळींनी पुढे स्वतःसाठी थेट प्रेषितांपासूनची अखंड शब्बाथ-परंपरा लिहून काढली. त्यामागची ओढ मला समजते. पण ती कागदांवर उभी राहत नाही.

खऱ्या अर्थाने आई-मुलीचं नातं पाहायचं तर डेव्हिडियनांचं. व्हिक्टर हूटेफ हा बल्गेरियातून आलेला, लॉस एंजेलिसच्या सेव्हन्थ-डे मंडळीतला सभासद. त्याला काढल्यावर १९३५मध्ये त्याने टेक्सासमध्ये वेकोजवळ वसाहत केली. १९९३ला ज्यांच्याभोवती एक्कावन्न दिवसांचा वेढा पडला आणि आग लागली ते डेव्हिड कोरेशचे लोक याच्याच उपफांदीतले. ‘फुटला’ हा शब्द इथे शोभतो. मावशीच्या पंथासाठी तो वापरला तर अन्यायच होतो.

आता शोध कुठे घ्यायचा. सेव्हन्थ-डे चर्चची जुनी साप्ताहिकं स्कॅन करून मोफत उपलब्ध आहेत. पुण्यात असाल तर औंधचं स्पायसर तुम्हाला माहीत असेलच. हे कॉलेज १९१५मध्ये कोइम्बतूरला सुरू झालं आणि १९४२मध्ये पुण्यात आलं. तिथे एलन व्हाइट यांच्या लेखनाचं संशोधन केंद्र आहे. सॉलिसबरी पार्कमध्ये चर्चचं छापखान्याचं काम दशकानुदशकं चाललं. ॲडव्हेंट ख्रिश्चन आणि इतर मिलरवादी शाखांचा मोठा संग्रह अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑरोरा विद्यापीठात आहे. मावशीच्या बाजूला मुंबईत १९२६ पासून त्यांची शाखा होती, नंतर बरीच वर्षं लोणावळ्याला. ‘टेहळणी बुरुज’ या त्यांच्या मराठी नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या आतल्या पानावर लोणावळ्याचा पत्ता तुम्हाला दिसेल. वाचताना अग्रलेखांवर फार वेळ घालवू नका. वर्गणी आणि देणगी पोचल्याच्या याद्या, वाचकांची पत्रं, दौऱ्यांची वेळापत्रकं, मृत्यूच्या बातम्या, हे वाचा. अग्रलेखात माणूस आपल्याला हवा तसा दिसतो. पोचपावतीच्या यादीत तो खरोखर कुणाचं पत्र विकत घेत होता ते कळतं.

आणि सुरुवात एका पानापासून करा. १८७८च्या वसंतात अपेक्षा केलेलं घडलं नाही. त्यानंतर बार्बरने ख्रिस्ताच्या खंडणीच्या बलिदानाचा, म्हणजे त्याच्या मरणाने माणसाची सुटका झाली या शिकवणीचा, अर्थच नाकारला, आणि रसेलने त्याची साथ सोडली. जुलै १८७९मध्ये त्याने स्वतःचं ‘झायन्स वॉच टॉवर’ काढलं, पहिल्या अंकाच्या सहा हजार प्रती. त्या अंकात नियमित लेखकांची पाच नावं आहेत: पेटन, मान, कीथ, राइस, जोन्स. त्यातला तिसरा, कीथ, हा तोच, ज्याने बार्बरला ‘पारूसिया’ दाखवला होता. बार्बर मागे राहिला, त्याचा सहकारी रसेलसोबत आला आणि १८७४ही सोबत आलं. ते पान मावशीला दाखवा आणि आजोबांना ‘डे-स्टार’चा ७ फेब्रुवारीचा जादा अंक दाखवा. मग दोघांच्या मध्ये फिचच्या १८४३च्या तक्त्याची छापील प्रत ठेवा आणि तिच्यावर २३०० आणि २५२० हे दोन आकडे त्यांना स्वतः शोधू द्या.